बाबांचा व्हिडिओ शेजारणीच्या बेलमधून थेट ॲपवर, कायदा काय म्हणतो?

जास्वंद (एडिसन, न्यू जर्सी)

जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा जूनपासून आमच्याकडे आहेत. वाईचे. ३४ वर्षं पोस्टमन होते, आता वय ७१. पहाटे चालून आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. इथे फूटपाथवर चिटपाखरू नसतं, तरी ते रोज सहाला बाहेर पडतात, हात मागे बांधून, आणि सप्टेंबर लागल्यापासून कानटोपी घालून. आमच्यापासून पाच घरं सोडून एका कुंपणाशी रोझ ऑफ शॅरनचं झाड आहे. जास्वंदीच्याच जातीचं, जांभळट पाकळ्या आणि मध्ये लाल. फांद्या फूटपाथवर वाकल्या आहेत. बाबा त्यातली दोन फुलं देवाला आणतात. खाली पडलेली देवाला चालत नाहीत, म्हणून फांदीवरची.

गेल्या मंगळवारी मैत्रिणीने शेजारपाजारच्या ॲपवरची एक लिंक पाठवली. बावीस सेकंदांचा व्हिडिओ, त्या घराच्या बेलमधल्या कॅमेऱ्याचा. वर लिहिलंय, ‘हा माणूस पुन्हा आलाय. कुणी ओळखतं का?’ खाली एकेचाळीस प्रतिक्रिया. ‘पोलिसांना कळवा.’ ‘घरं हेरतोय.’ मी तो व्हिडिओ दहा वेळा तरी पाहिला असेल. त्या भिंगात रस्ता दोन्ही कडांना वाकडा दिसतो. अंधारातल्या कॅमेऱ्याने बाबा राखाडी दिसतात आणि डोळे पांढरे चमकतात. माझ्याच वडिलांना पाहून मी क्षणभर दचकले. फूल तोडायच्या आधी ते त्या दाराकडे बघतात, कुणी जागं असेल तर विचारावं म्हणून. नेमकं ते बघणंच लोकांना खटकलं. आवाजही आलाय. ते अथर्वशीर्ष पुटपुटत होते. खाली एकाने लिहिलंय, ‘कानात यंत्र घालून साथीदाराशी बोलतोय.’

माझ्या मुलाने नकळत तो व्हिडिओ त्यांना दाखवला. पाच दिवस झाले, बाबा बाहेर पडलेले नाहीत. खिडकीशी बसतात. एकदाच बोलले, ‘अगं, आयुष्य लोकांच्या दारात उभं राहण्यात गेलं. कोण तुम्ही, असं कुणी विचारलं की नाव सांगायचो, विषय संपायचा. इथे विचारलंच नाही कुणी.’

माझे प्रश्न असे. न विचारता असा व्हिडिओ टाकता येतो का? ॲपवाल्यांना तो काढायला लावता येईल का? आणि नवऱ्याने त्याच संध्याकाळी आमच्यासाठीही तसलीच बेल मागवली. खोकं जेवणाच्या टेबलावर पडून आहे. लावावी का?

तळटीप (ट्रेंटन, न्यू जर्सी)

मी वकील नाही. अकरा वर्षं एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांचा मदतनीस, आहे, तेव्हा हा सल्ला समजू नका, माहिती समजा. बाबांबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

व्हिडिओचं आधी. फूटपाथ सार्वजनिक आहे. तिथून जाणाऱ्याला आपल्या घरावरच्या कॅमेऱ्याने टिपणं बेकायदा नाही, आणि ते चित्र दाखवणंही सहसा नाही. लोक लगेच चौथ्या घटनादुरुस्तीचं नाव घेतात. ती सरकारला बांधते. पोलिसांनी मनमानी झडती घेतली तर ती आडवी येते, शेजारणीला नाही.

ॲपच्या कंपनीवर दावा टिकणार नाही. १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० सांगतं की लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल तो ठेवणाऱ्या संकेतस्थळाला प्रकाशक धरायचं नाही. इंटरनेट तेव्हा पाळण्यात होतं. आज सगळ्या गल्लीच्या गप्पा त्याच कलमाच्या छपराखाली चालतात. पण कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात. माणसाच्या वर्णावरून संशय घेणाऱ्या पोस्टविरुद्ध तक्रार करायची सोय बहुतेक ठिकाणी आहे. ती जरूर करा, आणि आधी सगळ्याचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

लिहिणारा मात्र स्वतःच्या शब्दांना जबाबदार असतो. ‘कोण आहे हा?’ हा प्रश्न झाला. ‘मला संशय येतो’ हे मत. ‘याने चोरी केली’ हे विधान, आणि ते खोटं निघालं तर बदनामीचा दावा होऊ शकतो. तुम्ही सांगितलेल्यातलं ‘घरं हेरतोय’ हे सीमेवरचं आहे. त्यासाठी कोर्टाची पायरी चढा असं मी म्हणणार नाही. खर्च आणि मनस्ताप दोन्ही तुमच्याच वाट्याला येतील.

आवाजाचा कायदा चित्राहून वेगळा आहे, हे इथे पुष्कळांना ठाऊक नसतं. चोरून संभाषण ऐकण्याविरुद्ध १९६८ चा केंद्रीय कायदा आहे, न्यू जर्सीचाही आपला आहे. दोन माणसं खासगीत बोलत असताना तिसऱ्याने ते यंत्र लावून टिपणं हा गुन्हा होऊ शकतो. बाबा उघड्या रस्त्यावर स्तोत्र म्हणत होते, त्यामुळे त्यांना याचा उपयोग नाही. पण तुम्ही स्वतः बेल लावलीत तर ध्यानात ठेवा. तुमच्या पायरीवर दोन पाहुण्या आपसात काही बोलतील, तेही त्यात जाईल.

आणि फुलाचं, राग मानू नका. झाड त्यांचं, फांदी बाहेर आली तरी फूल त्यांचंच.

डॅलसची सून

मी दुसरी बाजू सांगते, कारण ती मी भोगली आहे.

२०१९ च्या दिवाळीत आम्ही मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. साडेदहाला परतलो तर मागचं दार फोडलेलं. कपाटातले कपडे नुसते उलटेपालटे, बाकी कशाला हात नाही. फक्त सोनं गेलं. त्यात माझ्या आईच्या पाटल्या होत्या, तिने मला पाठवणीच्या वेळी स्वतःच्या हातातून काढून दिलेल्या. पोलीस आले, पावडर मारून ठसे बघितले, विचारलं कॅमेरा आहे का. नव्हता. फाइल तिथेच बंद झाली.

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. २०११ ते २०१४ मध्ये एक टोळी जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन, टेक्सास अशी हिंडून आशियाई, त्यातही भारतीय वंशाच्या कुटुंबांची घरं निवडून दरोडे घालत होती. तिच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. आपल्या घरात सोनं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता माझ्या घराला तीन कॅमेरे आहेत आणि मला झोप लागते. त्या शेजारणीनं केलं ते चूकच. पण तिच्याही घरी काही घडून गेलं असेल, आपल्याला काय माहीत? जास्वंद, खोकं परत करू नकोस.

हंट्सविलकर

मी अलाबामात वीस वर्षं आहे. आमच्या शेजारचं गाव मॅडिसन. तिथे फेब्रुवारी २०१५ मध्ये काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

गुजरातेतून एक ५७ वर्षांचे गृहस्थ मुलाकडे आले होते, तान्ह्या नातवाला सांभाळायला. सकाळी फूटपाथवर चालत होते, बाबांसारखेच. कुणा रहिवाशाने पोलिसांना फोन केला की एक अनोळखी माणूस घरांकडे बघत हिंडतोय. पोलीस आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मुलाच्या घराकडे हात दाखवत होते. एका अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटलं. मणक्याला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, अंगाला अर्धांगासारखा लुळेपणा आला.

इथे एक गोष्ट मला आजही सुटत नाही. ते सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात चित्रित झालं होतं. तो नसता तर ‘त्याने प्रतिकार केला’ एवढं एक वाक्य कागदावर राहिलं असतं. म्हणजे कॅमेऱ्यानेच जगाला खरं दाखवलं. पण तेच चित्रण दोनदा ज्युरीपुढे चाललं, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशांनी अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. एकच चित्र, आणि बघणाऱ्यांना त्यात दोन वेगळे प्रसंग दिसले.

तेव्हापासून आमच्याकडे भारतातून कुणाचे आईवडील आले की पहिल्याच दिवशी त्यांच्या खिशात एक कार्ड जातं. नाव, घरचा पत्ता, मुलाचा फोन, आणि इंग्रजीत एक ओळ की मला इंग्रजी येत नाही, मी इथे मुलाकडे राहतो. पोलिसांनी थांबवलं तर हात खिशात घालायचा नाही, म्हणून ते गळ्यात अडकवतात, कंपनीच्या ओळखपत्रासारखं. ते अडकवताना माझ्या आईचा चेहरा मी विसरत नाही. पण अडकवा. बाबांना सांगा, ही लाज नाही, काळजी आहे.

जास्वंद

हंट्सविलकर, कार्ड आजच केलं. बाबांनी वाचलं, म्हणाले, ‘पत्त्यात झिप कोड चुकलाय.’ खरंच चुकला होता.

डॅलसची सून, तुमच्या पाटल्यांचं वाचून गलबलून आलं. माझं मन दोन्हीकडे ओढतंय.

तळटीप

जास्वंद, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतोय. उत्तर लांब होईल, पण मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं.

लॉस एंजेलिसमध्ये कॅट्झ नावाचा माणूस रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमधून जुगाराचे आकडे कळवायचा. एफबीआयने बूथच्या बाहेर ऐकण्याचं यंत्र बसवलं. बूथला हात लावला नाही, आत शिरले नाहीत. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्याने दार लावून घेतलं होतं, त्याचं बोलणं त्याचं होतं. घटनादुरुस्ती माणसांचं रक्षण करते, जागांचं नाही. त्या निकालातल्या न्यायमूर्ती हार्लन यांच्या टिपणातून पुढे कसोटी तयार झाली. माणसाला खासगीपणाची अपेक्षा होती का, आणि समाज ती अपेक्षा वाजवी मानायला तयार आहे का?

हा दुसरा भाग नीट वाचा. आपला खासगीपणा किती, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. समाजाला जेवढा वाजवी वाटेल तेवढा.

मग २००१ चं कायलो प्रकरण. ऑरेगनमधल्या फ्लॉरेन्स गावात पोलिसांनी पहाटे गाडीत बसून एका घरावर उष्णता दाखवणारं यंत्र रोखलं. गॅरेजचं छप्पर बाकीच्या घरापेक्षा तापलेलं दिसलं, आत दिव्यांखाली गांजा वाढवत होते. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की ही झडतीच आहे, वॉरंट हवं. घराच्या भिंतीआतलं काहीही खासगीच. पण निकालात एक अट आहे. यंत्र सर्वसामान्य लोकांच्या वापरात नसेल तर. उद्या ते घरोघरी आलं तर? याचं उत्तर त्या निकालाने मोकळं ठेवलं. म्हणून मला वाटतं, आपण दुकानातून जे विकत आणतो त्याने कायद्याची रेघही थोडी सरकते. एका बेलने नाही, पण गल्लीतल्या सगळ्या बेलांनी.

तिसरं प्रकरण मला सगळ्यात जवळचं आहे. २०१३, फ्लोरिडा विरुद्ध जार्डिन्स. मायामीत पोलीस हुंगणारा कुत्रा घेऊन एका घराच्या पोर्चवर गेले. त्याचं नाव फ्रँकी. तो दाराशी बसला, म्हणजे आत अमली पदार्थ आहेत. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ते नामंजूर केलं, आणि कारण रीतीभातीचं दिलं. दारापर्यंत येण्याची मुभा कुणालाही असते. पायवाटेने यावं, दार वाजवावं, थोडा वेळ थांबावं, कुणी आत बोलावलं नाही तर निघून जावं. गर्ल स्काउटच्या मुली आणि हॅलोवीनला येणारी पोरं हे विनातक्रार पाळतात, असं त्यांनी लिहिलं. त्या मुभेत कुत्रा आणून हुंगवणं बसत नाही.

म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ओसरीवरची साधी रीत कायद्याचं माप म्हणून घेतली. दार वाजवणं आणि वाट बघणं. बाबांनी ३४ वर्षं जे केलं, तेच. आणि ती रीत इथे डोळ्यांदेखत पुसली जातेय. मी १९९९ मध्ये आलो तेव्हा आमच्या गल्लीत दार वाजलं की माणूस उघडायचा. आता बेल फोनवर वाजते, मालक भलत्याच गावी असतो आणि दारातल्याशी तिथून बोलतो किंवा नुसता बघतो.

आपल्या राज्याबद्दल एक सांगायला हवं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशवीत खासगी काही नाही, पोलीस ती उघडू शकतात. दोनच वर्षांत, १९९० मध्ये, न्यू जर्सीच्या न्यायालयाने आपल्या राज्यघटनेच्या आधारे उलट निकाल दिला. इथे कचऱ्याच्या पिशवीलाही वॉरंट लागतं. मोबाइलचं ठिकाण फोन कंपनीकडून घ्यायला वॉरंट हवं, हे न्यू जर्सीने २०१३ मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालय कार्पेंटर खटल्यात तिथवर पोचलं २०१८ मध्ये, तेही ५ विरुद्ध ४. त्या खटल्यात एका माणसाच्या १२७ दिवसांच्या हालचाली होत्या, १२,८९८ नोंदी. तेव्हा रेघ दुसऱ्या दिशेलाही सरकवता येते, लोकांना तशी अपेक्षा असेल तर.

आता खोक्याबद्दल. डॅलसच्या सूनबाईंचं म्हणणं मी खोडत नाही, मागच्या दारावर कॅमेरा हवाच. पुढची बेल लावाल तर रोख स्वतःच्या दारावर आणि पायरीवर ठेवा, आवाज बंद करा, आणि चित्रण घरच्या मेमरी कार्डावर राहील असा प्रकार मिळाला तर तो घ्या. पोलीस मागायला आले तर वॉरंट नसताना नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पण चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर पोलीस थेट कंपनीकडे जाऊ शकतात. ॲमेझॉनने २०२२ मध्ये एका सिनेटरला कळवलं होतं की रिंगने, म्हणजे त्यांच्या अशा बेल बनवणाऱ्या कंपनीने, त्या वर्षात तोवर अकरा वेळा, तातडीचं कारण म्हणून, मालकांच्या संमतीशिवाय पोलिसांना चित्रण दिलं. पोलिसांनी ॲपमधूनच लोकांकडे चित्रण मागायची सोय त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये बंद केली होती, पण २०२५ मध्ये ती वेगळ्या रूपात परत आणली.

त्याआधी एक काम करा. बाबांना घेऊन जा आणि त्या घराचं दार वाजवा. ती मुभा त्यांनाही आहे.

जास्वंद

त्या घरी जाऊन आलो, म्हणून लिहितेय.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कार्ड गळ्यात होतं, मी काढू का विचारलं तर नको म्हणाले. त्यांनी बेलला हात लावला नाही, बोटाच्या पेराने तीनदा दार वाजवलं आणि एक पायरी खाली उतरून जरा बाजूला उभे राहिले. मी विचारलं, असं का? म्हणाले, दार उघडणाऱ्याला आधी माणूस पूर्ण दिसला पाहिजे, अंगावर आल्यासारखं वाटता कामा नये. मला हे आयुष्यात कधी माहीत नव्हतं.

दार उघडलं नाही. बेलभोवती निळा प्रकाश फिरला आणि बाईंचा आवाज आला. त्या मुलीच्या सॉकरच्या मॅचला होत्या, मागे शिट्ट्या ऐकू येत होत्या. बाबांनी त्या भिंगाला हात जोडले. मी सांगितलं, हे माझे वडील, पाच घरं पलीकडे राहतो, फुलं देवाला नेत होते, विचारायला हवं होतं. बराच वेळ नुसत्या शिट्ट्याच. मग त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं नव्हतं ते इथलेच असतील.’ पुढे म्हणाल्या, मार्चमध्ये त्यांच्या अंगणातून सायकल चोरीला गेली, तेव्हापासून धास्ती बसली आहे. पोस्ट काढते म्हणाल्या, फुलं हवी तेवढी न्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत पोस्ट गेली. पण व्हिडिओ आमच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपांवर अजून फिरतोय, तो कसा काढायचा?

बाबा परवापासून चालायला जातात, मागच्या रस्त्याने. फूल आणत नाहीत. देवाला अक्षता वाहतात.

बेल शेवटी लावली. आवाज बंद केला, फोनवर बोटाने रेघ ओढून फूटपाथ वगळला. तरी चित्रात दोन फूट फूटपाथ दिसतोच. काय चुकतंय?

डॅलसची सून

तू मोशन झोन आखला असशील. त्याने फक्त सूचना येणं थांबतं, चित्र येतंच. सेटिंगमध्ये प्रायव्हसी झोन वेगळा असतो. तिथे चौकोन ओढलास की तेवढा भाग काळा होतो आणि चित्रणात येतच नाही. माझ्या कॅमेऱ्यांवर तो आजवर नव्हता, आत्ता पुढच्या दोघांना लावला. मागच्याला नाही लावणार.

जास्वंद

जमलं. आज सकाळी सहाला फोन वाजला. बाबा दार ओढून घेताना दिसले, कडी लागली का ते दोनदा बघितलं, कानटोपी नीट केली, पायऱ्या उतरले आणि काळ्या पट्ट्यात गेले.